हात धुतले, की धुतल्याचे सांगितले? आरोग्य-सवयींवरील संशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

लोकांच्या आरोग्यविषयक सवयी बदलाव्यात म्हणून आपल्याकडे असंख्य उपक्रम चालतात आणि त्यांवर प्रबंधही लिहिले जातात. मात्र उपक्रमामुळे सवय खरोखर बदलली का, याचे उत्तर त्यांतल्या थोड्याच प्रबंधांत सापडते. या विषयावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या ६० मातांना साबणाने हात धुण्याविषयी नियोजित शिक्षण द्यायचे, आधी पूर्वचाचणी आणि सातव्या दिवशी उत्तरचाचणी घ्यायची, असा माझा प्रबंध आहे. आधी करून पाहिलेल्या छोट्या प्राथमिक अभ्यासात मातांचे गुण चांगले वाढले. सादरीकरणाच्या वेळी एका परीक्षकांनी, “यावरून त्या हात धुऊ लागल्या हे कसे कळणार?” असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. हाताशी वेळ आणि पैसा दोन्ही कमी आहेत. काय सुधारता येईल?
— विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : परीक्षकांचा प्रश्न ही आपल्या प्रबंधाला मिळालेली सर्वांत मोलाची सूचना आहे. जे शिकवले त्यावरच आठवड्याच्या आत प्रश्न विचारले, तर गुण वाढणारच. त्या गुणांवरून मातांच्या लक्षात काय राहिले एवढे कळते. शौचानंतर हात धुवावेत हे ठाऊक नसलेली माता आज शोधूनही सापडणे कठीण आहे. अडचण असते ती सकाळच्या घाईत बाळाची शी काढल्यावर साबण हाताशी आहे का, पाण्याचे पिंप किती लांब आहे आणि त्या क्षणी हात धुवावेसे वाटतात का, या गोष्टींची. चाचणीच्या कागदावर यांतले काहीच उमटत नाही.

आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात ‘सुपरअम्मा’ नावाचा एक उपक्रम झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १४ गावांपैकी ७ गावांत उपक्रम राबवला आणि ७ गावे तुलनेसाठी ठेवली. जंतूंविषयी व्याख्यान देण्याऐवजी घाणीची किळस आणि मुलाला चांगले वळण लावण्याची आईची हौस, या दोन भावनांवर तो उभारलेला होता. संशोधकांच्या माणसांनी घरात बसून, शौचानंतर, बाळाला स्वच्छ केल्यावर आणि अन्न हाताळताना कोण साबण वापरते याची नोंद घेतली. सुरुवातीला अशा प्रसंगी साबणाने हात धुण्याचे प्रमाण उपक्रमाच्या गावांत अवघे १ टक्का होते. सहा आठवड्यांनी ते १९ टक्के झाले, तर तुलनेच्या गावांत ते ४ टक्के होते. सहा महिन्यांनी हेच आकडे ३७ आणि ६ टक्के होते. प्रत्यक्ष पाहून नोंद घेतली नसती, तर तो १ टक्का कोणालाच दिसला नसता, आणि सहा महिने थांबले नसते, तर परिणाम वाढत गेला हेही कळले नसते.

अर्थात निरीक्षणालाही मर्यादा आहे, कारण पाहुणा घरात बसला की माणूस वेगळे वागतो. बांगलादेशातील संशोधकांनी साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारे छोटे यंत्र बसवून हे तपासले. निरीक्षक घरात असताना साबणाची हालचाल एरवीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणून निरीक्षणाचे आकडेही थोडे फुगलेले असतात, असे धरून चालावे. तरीही तोंडी उत्तरापेक्षा ते सत्याच्या पुष्कळ जवळ असतात.

आता आपल्या प्रबंधाविषयी. एकाच गटाची आधीची आणि नंतरची नोंद पुरेशी नाही. ऋतू, सणवार, त्याच काळात आलेली सरकारी मोहीम यांमुळेही फरक पडतो. जुलैत पहिली नोंद आणि नोव्हेंबरात दुसरी घेतली, तर मुलांचे जुलाब कोणत्याही उपक्रमाविना कमी झालेले दिसू शकतील. त्यामुळे दोन गट हवेत आणि ते चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवेत. चिठ्ठ्या अंगणवाडीनिहाय टाकाव्यात, कारण एकाच गल्लीतल्या बायका एकमेकींशी बोलतात आणि शिकवलेले शेजारी पोहोचते. दुसऱ्या गटाला जलसंजीवनीचा पाठ द्यावा आणि अभ्यास संपल्यावर हात धुण्याचाही द्यावा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. घरी गेल्यावर शौचालयाजवळ आणि मोरीवर साबण व पाणी आहे का, हे पाहून लिहावे. ओला साबण आणि कोरडा साबण वेगवेगळे नोंदवावेत. शक्य असेल तेवढ्या घरांत सकाळचे दोन तास बसून निरीक्षण करावे आणि हे काम एखाद्या वर्गमैत्रिणीकडे सोपवून कोणती माता कोणत्या गटात आहे हे तिला सांगू नये. दुसरी नोंद सातव्या दिवशी घेण्याऐवजी निदान सहा आठवड्यांनी घ्यावी. यांतले काहीही जमणार नसेल, तर शीर्षकात ‘ज्ञानावरील परिणाम’ एवढेच लिहावे आणि निष्कर्षात त्यापलीकडे जाऊ नये. तोही प्रामाणिक प्रबंधच ठरेल.

प्रश्न : मी आशा गटप्रवर्तक आहे. आमच्या भागात बायकांची मशेरी सुटावी म्हणून सहा महिने काम झाले. पाहणीत निम्म्याहून अधिक बायकांनी ‘सोडली’ असे सांगितले. पण माझा विश्वास या आकड्यावर बसत नाही. खरे कसे काढावे?
— गटप्रवर्तक, सातारा जिल्हा

उत्तर : ज्या आशाताईंनी महिनोन्‌महिने दारी येऊन समजावले, त्यांनीच वही उघडून “सोडली ना मशेरी?” असे विचारले, तर “नाही” म्हणून त्यांचे मन कोणती बाई मोडेल? खोटे बोलण्याचा हेतू नसतानाही उत्तर इथे वाकते. म्हणून समजावणारी व्यक्ती आणि नोंद घेणारी व्यक्ती वेगळी ठेवावी. शेजारच्या उपकेंद्राच्या आशाताईंनी आपल्या गावात यावे आणि आपल्या आशाताईंनी त्यांच्या गावात जावे, एवढ्यानेही आकडा बदललेला आपल्याला दिसेल.

प्रश्नही बदलावा. ‘सोडली का’ या प्रश्नातच हवे असलेले उत्तर दडलेले आहे. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत मशेरी किती वेळा लावली?’ असे विचारावे आणि मग गेल्या सात दिवसांचे विचारावे. ‘या आठवड्यात घरात तव्यावर तंबाखू भाजली का?’ हा प्रश्न तर अवश्य ठेवावा. त्यात बाईच्या स्वतःच्या सवयीकडे बोट दाखवलेले नसल्याने उत्तर मोकळेपणाने मिळते. मशेरी सोडून तंबाखूची चिमूट किंवा गुटखा सुरू झाला आहे का, हेही विचारायला हवे, नाहीतर एक सवय दुसरीच्या रूपाने टिकून राहील आणि कागदावर यश दिसेल.

शरीरातून पुरावा मिळवता येतो, पण चाचणी योग्य निवडावी लागते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे उपकरण धूम्रपान तेवढे ओळखते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के आहेत. म्हणजे त्या उपकरणाच्या नजरेतून आपल्याकडचे बहुतेक व्यसन निसटते. निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन लाळेत किंवा लघवीत तपासता येते आणि ते मशेरीलाही लागू पडते. ते काही दिवसांतच उतरत असल्याने या चाचणीवरून अलीकडच्या तीन-चार दिवसांपलीकडचे सांगता येत नाही, हे लक्षात ठेवावे. सर्वांची चाचणी परवडणार नसेल, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही जणींची संमतीने करावी. कोणाचीही निवड होऊ शकते हे आधीच सर्वांना सांगितले, तर तोंडी उत्तरेही अधिक खरी येतात.

जे भेटले नाहीत त्यांचे काय करायचे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. समजा, १०० बायकांपासून सुरुवात झाली, सहा महिन्यांनी ६० भेटल्या आणि त्यांतल्या २४ जणींनी मशेरी सोडलेली आढळली. ६० पैकी २४ म्हणजे ४० टक्के, असे अहवालात लिहिले जाते. पण न भेटलेल्यांत सवय न सुटलेल्यांचाच भरणा अधिक असतो. धूम्रपान सोडण्याच्या अभ्यासांसाठी २००५ साली मांडलेल्या ‘रसेल मानका’त, संपर्क तुटलेल्यांनी सवय सोडली नाही असे धरावे आणि निदान सहा महिने पाठपुरावा करावा, असा दंडक आहे. त्या हिशेबाने आपले यश २४ टक्के ठरते. आकडा लहान झाला तरी तो टिकणारा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या जिल्ह्यांत ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांवर तंबाखू सोडवण्याचा मोठा अभ्यास केला होता, तो १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात लोकांच्या सांगण्यावरच न थांबता दंतवैद्य दरवर्षी प्रत्येकाचे तोंड तपासत आणि कर्करोगापूर्वीचे पांढरे चट्टे नव्याने उठतात का, हे नोंदवत. इतक्या जुन्या काळी आणि इतक्या लोकांवर हे जमले, याचा मला फार आदर वाटतो.

प्रश्न : झारखंडात महिलांच्या गटसभांमुळे नवजात बालकांचे मृत्यू घटले, असे वाचून आमच्या संस्थेने शहरी वस्त्यांत तशाच सभा सुरू केल्या. दोन वर्षांनी मूल्यमापन केले तेव्हा फरक दिसला नाही. आता काही सहकारी म्हणतात की अहवाल बाहेर काढूच नये. पद्धत चुकली की मूल्यमापन?
— संस्थेचे कार्यकर्ते, पुणे

उत्तर : आधी एक आग्रहाची विनंती : अहवाल प्रसिद्ध करा. फरक न दिसलेले अभ्यास कपाटात राहतात आणि यशस्वी ठरलेलेच छापले जातात, म्हणून प्रत्येक उपक्रम वास्तवापेक्षा प्रभावी वाटतो. तुमच्यासारख्याच एखाद्या संस्थेने आपला अहवाल दडवला नसता, तर कदाचित तुम्ही सुरुवातीपासूनच वेगळा आराखडा केला असता.

हे धैर्य दाखवल्याचे उदाहरण मुंबईतच आहे. झारखंड आणि ओडिशातील ‘एकजुट’ संस्थेच्या अभ्यासात गटसभांच्या भागांत नवजात मृत्यूदर ३२ टक्क्यांनी कमी आढळला आणि तो २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच धर्तीवर ‘स्नेहा’ संस्थेने मुंबईतील ४८ वस्त्यांत अभ्यास केला आणि फरक आढळला नाही, हे २०१२ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले. मुंबईच्या वस्त्यांतील बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयांत होत होती; आदिवासी खेड्यांतील घरच्या बाळंतपणात जे बदलण्याजोगे होते, ते इथे त्याच प्रमाणात नव्हते. पुढे २०१३ मध्ये अशा सात अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा जिथे निदान ३० टक्के गर्भवती स्त्रिया सभांना आल्या तिथे परिणाम ठळक दिसला. तुमच्या वस्त्यांतील किती टक्के गर्भवती स्त्रिया सभांना येत होत्या? हा आकडा हाती नसेल, तर पद्धत चुकली की ती पोहोचलीच नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही.

उपक्रम कागदावर होता तसा घडला का, याची नोंद हा आपल्याकडच्या संशोधनाचा सर्वांत कच्चा भाग आहे, असे माझे मत आहे. गावोगावी शौचालये व्हावीत यासाठीच्या सरकारी संपूर्ण स्वच्छता अभियानाचा मुलांच्या वाढीवरील परिणाम तपासण्याचा एक प्रयोग २००४ मध्ये महाराष्ट्रातील तीन जिल्ह्यांसाठी आखला गेला. प्रत्यक्षात तो ठरल्याप्रमाणे पार पडला तो एकट्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, ६० गावांत. तिथे मुलांच्या सरासरी उंचीत वाढ दिसली. पण उरलेल्या जिल्ह्यांत जे घडू शकले नाही, तेही त्या अभियानाविषयी बरेच काही सांगते, आणि संशोधकांनी ते लपवले नाही म्हणूनच आपल्याला कळते. ओडिशात १०० गावांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शौचालये असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, तरी मुलांच्या जुलाबांत फरक पडला नाही. बांधलेले शौचालय आणि वापरले जाणारे शौचालय या निराळ्या गोष्टी आहेत. पुढे त्याच राज्यात शौचालयांत हालचाल टिपणारी यंत्रे बसवली, तेव्हा लोकांनी सांगितलेला वापर यंत्राच्या नोंदीपेक्षा कितीतरी अधिक निघाला.

ही नोंद कशी ठेवावी, हे गोव्याकडून शिकण्यासारखे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूचे प्रमाण घातक झालेल्या ३७७ पुरुषांवर ‘संगाथ’ संस्थेने समुपदेशनाचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, स्थानिक साधी माणसे होती. त्यांची सत्रे ध्वनिमुद्रित होत आणि सहकारी एकत्र बसून ती ऐकत व ठरलेल्या निकषांवर गुण देत. परिणाम मोजणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नव्हते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के आणि इतरांपैकी २६ टक्के या अवस्थेतून बाहेर आले होते. इथे दारूचे प्रमाण रुग्णाच्या तोंडूनच कळत होते, ही उणीव राहतेच. मात्र त्या खोलीत नेमके काय बोलले गेले, याचा पुरावा होता.

अहवाल लिहिताना २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली ‘टायडियर’ ही १२ मुद्द्यांची सूची समोर ठेवावी. कोणी, काय, कुठे, किती वेळा, कोणत्या साहित्यासह, वाटेत काय बदलले आणि ठरल्यापैकी किती पार पडले, हे ती विचारते. ‘मातांना आरोग्यशिक्षण दिले’ या वाक्यावरून कोणालाही काही करून पाहता येत नाही. ‘त्याच वस्तीतील, बारावी झालेल्या आणि पाच दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या ताईंनी दर पंधरवड्याला दुपारी तीन वाजता तासभर सभा घेतली, ठरलेल्या २४ पैकी १७ सभा झाल्या, पावसाळ्यात दोन महिने सभा बंद होत्या’ असे लिहिले, तर वाचणारा तेच पुन्हा करू शकतो आणि उणीवही शोधू शकतो. तुमच्या वह्यांत हे सगळे असणार. ते अहवालात आणा.

प्रश्न : माझ्या एम.डी. प्रबंधात ५ गावांत उपक्रम आणि ५ गावे तुलनेला, प्रत्येक गावातून ४० स्त्रिया, असा एकूण ४०० चा नमुना आहे. सूत्राप्रमाणे तो पुरेसा असताना संख्याशास्त्रज्ञ अपुरा म्हणतात. का?
— निवासी डॉक्टर, सामुदायिक वैद्यकशास्त्र

उत्तर : आपण वापरलेले सूत्र प्रत्येक स्त्री स्वतंत्रपणे निवडली आहे असे धरते. एका गावातल्या स्त्रियांचे पाणी, बाजार, आशाताई आणि रीतिरिवाज एकच असतात, त्यामुळे त्यांची उत्तरेही एकमेकींसारखी येतात. हे साम्य, म्हणजे गटांतर्गत सहसंबंध, ०.०५ इतका लहान धरला तरी गावात ४० स्त्रिया असताना नमुना किती पटींनी मोठा हवा हे सांगणारा गुणक १ + (३९ × ०.०५) म्हणजे २.९५ होतो आणि ४०० स्त्रियांची माहिती जेमतेम १३६ स्त्रियांएवढी उरते. तेवढ्याच ४०० स्त्रिया ४० गावांतून दहा-दहा घेतल्या, तर गुणक १.४५ होईल आणि नमुना सुमारे २७६ च्या तोडीचा ठरेल. प्रवास वाढेल, पण शक्य तितकी गावे वाढवावीत. विश्लेषणातही गाव हाच घटक धरावा लागेल. चिठ्ठी गावाची टाकली आणि हिशेब बाईचा केला, की नसलेला परिणाम दिसू लागतो.

प्रश्न : “२१ दिवसांत सवय लागते” असे सगळीकडे ऐकतो. फिरायला जाण्याची सवय लावू पाहणाऱ्या माझ्यासारख्या सामान्य वाचकाने असे दावे कसे पारखावेत?
— सेवानिवृत्त शिक्षक, फोंडा, गोवा

उत्तर : २१ दिवसांचा दावा सवयींच्या संशोधनातून आलेलाच नाही. एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली, आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तीन आठवडे लागतात, असे निरीक्षण नोंदवले होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला.

त्याच्या जागी आता ‘६६ दिवस’ सांगितले जातात. हा आकडा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील एका खऱ्या अभ्यासातून, २०१० साली, आला आहे. मात्र तो मूळ लेखात वाचला तर वेगळा दिसतो. ९६ स्वयंसेवकांपैकी ज्यांच्या नोंदी संशोधकांच्या गणिती आलेखाशी नीट जुळल्या ते ३९ जण होते. ६६ हा त्यांचा मध्यांक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना अधिक दिवस लागले) आहे आणि व्याप्ती १८ पासून २५४ दिवसांपर्यंत आहे. अभ्यास चालला १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. तेव्हा २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. संशोधकांनी हे सर्व लिहिले आहे, बातम्यांत ते येत नाही. आपल्याला दोन महिन्यांनंतरही फिरायला जाणे अंगवळणी पडले नसेल, तर त्यात काही वावगे नाही आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्याच अभ्यासात दिसले.

दावा पारखताना, संशोधकांनी काय मोजणार हे आधी जाहीर केले होते का, हे पाहावे. कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉन्सिंक यांचे, ताट-वाट्यांच्या आकारावर माणूस किती खातो हे ठरते अशा धर्तीचे निष्कर्ष जगभर गाजले. हाती आलेली आकडेवारी निरनिराळ्या प्रकारे चाळून काहीतरी निष्पन्न होईपर्यंत शोधत राहण्याची त्यांची रीत उघडकीस आली, तेव्हा ‘जामा’ समूहाच्या नियतकालिकांनी सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांचे सहा लेख एकाच वेळी मागे घेतले आणि विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झाले.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) ‘सीटीआरआय’ ही चाचणी-नोंदवही २००७ पासून चालू आहे. औषधांप्रमाणेच सवयी बदलण्याच्या उपक्रमांच्या चाचण्याही तिथे नोंदवता येतात, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. एखाद्या भारतीय चाचणीची बातमी वाचली, तर तिथे तिचे नाव शोधावे, नोंदणीची तारीख आणि पहिला सहभागी घेतल्याची तारीख ताडून पाहावी आणि ‘मुख्य परिणाम’ या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे ‘सहा महिन्यांनंतरचे वजन’ असेल आणि छापील लेखात ‘दोन महिन्यांनंतरचा उत्साह’ असेल, तर लेखकांना पत्र लिहून कारण विचारावे. त्यांचा संपर्काचा पत्ता लेखाच्या पहिल्या पानावर असतो आणि वाचकाने विचारलेल्या अशा प्रश्नाला उत्तर देणे हे त्यांचे काम आहे.